'तू बाई आहेस, तूच तिला सांग'

आधी पत्र. थोडं लहान केलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"मी ४२ वर्षांची, खराडीत एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. सात महिन्यांपूर्वी माझ्या टीममधे एक मुलगी आली, २४ वर्षांची. काम एकदम चोख, त्याबद्दल तक्रारच नाही. पण ती स्लीव्हलेस टॉप, गुडघ्यापर्यंतचे फिटिंगचे ड्रेस असं घालते, एका शुक्रवारी तर क्रॉप टॉप घालून आली होती. परवा आमच्या डिलिव्हरी हेडनी मला केबिनमधे बोलावलं आणि म्हणाले, तिच्याशी जरा बोल, पोरं डिस्ट्रॅक्ट होतात, मी बोललो तर वेगळा अर्थ निघेल, तू बाई आहेस, तूच तिला सांग. मुलं त्यांच्या ग्रुपवर तिच्याबद्दल काहीबाही लिहितात असंही कानावर आलंय. खरं सांगू का, मला तिचा थोडा रागही येतो. मी २००६ ला सोलापूरहून पुण्यात आले, तेव्हापासून ढगळ कुर्ते आणि ओढणी, तेव्हा कुठे लोक मला सिरियसली घ्यायला लागले. मला पण छान दिसायला आवडायचंच की. हिला यातलं काहीच करावं लागत नाही का? आणि ऑफिस म्हटल्यावर काहीतरी मर्यादा नको का? ती दुखावणार नाही अशा रीतीने तिला कसं सांगू?"

ताई,

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही विचारलंय तिला कपड्यांबद्दल कसं सांगू, आणि मी तिन्ही वेळा थांबले ते भलत्याच ओळीपाशी. "मुलं त्यांच्या ग्रुपवर तिच्याबद्दल काहीबाही लिहितात असंही कानावर आलंय." ही ओळ तुम्ही मधेच टाकून पुढे निघून गेलात. पण माझ्या मते अख्ख्या पत्रात तक्रार म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट आहे, आणि ती त्या मुलांबद्दलची आहे.

बघा ना काय झालंय. दोन-चार जण वावगं वागतायत, ते साहेबांच्याही कानावर असणार (नाहीतर पोरं डिस्ट्रॅक्ट होतायत हे त्यांना कळलं कुठून), आणि त्यावर त्यांनी बोलावलं कोणाला, तर तुम्हाला, आणि समज द्यायची कोणाला, तर तिला. ज्यांनी लिहिलं ते आपापल्या जागेवर निवांत बसलेत, त्यांच्याशी आजपर्यंत एक अक्षर कोणी बोललेलं नाही.

त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते. हा निरोप तिच्यापर्यंत नेऊ नका. साहेबांना परत द्या. कसा द्यायचा ते सांगते पुढे, पण त्याआधी तुमच्या रागाबद्दल बोलायचंय, कारण मला वाटतं तुम्ही पत्र लिहिलंत ते मुळात त्यापायी.

मी हे एकदा केलंय, म्हणून इतकं ठामपणे सांगतेय. १९९८ ची गोष्ट, शिवाजीनगरच्या एका ऑफिसात मी सीनियर होते, तिथे एक नवीन मुलगी लागली, पंजाबी ड्रेस घालायची पण ओढणी एका खांद्यावर नुसती टाकलेली, कधी कधी तीही नाही. साहेबांनी मला असंच बोलावलं, जवळजवळ हेच शब्द. मी तिला जेवणाच्या सुट्टीत जिन्यात गाठलं आणि अगदी मायेनं सांगितलं, अगं तुझ्या भल्यासाठी सांगतेय, लोक बघतात. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ओढणी दोन्ही खांद्यांना पिनांनी लावलेली, आणि मला वाटलं काम झालं. पण ती मुलगी मीटिंगमधे बोलायची ती थांबली. आधी फाईल घेऊन तरातरा टेबलापाशी यायची, आता शिपायाच्या हाती पाठवायची. चार महिन्यांनी राजीनामा दिला, शेवटच्या दिवशी मी तिला विचारलं काय झालं गं, तर म्हणाली, "मॅडम, बाकीचे बघतात ते माहिती होतं, तुम्ही पण बघत होतात ते नव्हतं माहिती."

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली, ते वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं. त्यानंतर मी नोकरी सोडून ह्या कामात पडले, बऱ्याच कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून बसले, आणि 'तिच्या भल्यासाठी सांगितलं' हे वाक्य तिथे इतक्या वेळा ऐकलं की विचारू नका, आणि दरवेळी ते बोलणारी एक बाईच असायची.

ती मुलगी गप्प का झाली हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पुढे एका प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा कळलं. तोही नेमका १९९८ मधलाच, अमेरिकेतला. कॉलेजच्या मुलामुलींना एकेकट्याला खोलीत पाठवून काहींना पोहण्याचा पोशाख घालायला दिला, काहींना स्वेटर, आणि अंगावर तेच ठेवून गणितं सोडवायला दिली. खोलीत दुसरं कोणी नाही. तरी पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा गणितं कमी जमली, मुलांच्या गणितात मात्र कपड्यांनी फरक पडला नाही. आता कोणी म्हणेल बघा, कमी कपडे घातले की डोकं चालत नाही. तसं असतं तर मुलांचंही चाललं नसतं. मुलीला लहानपणापासून स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची सवय लावलेली असते, मी कशी दिसतेय, काही दिसत तर नाहीये ना, आणि डोक्याचा एवढा भाग त्यात अडकला की कामाला उरतो तो उरलेलाच. तुम्ही त्या मुलीला 'लोक बघतात' एवढं सांगितलंत की ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून आली तरी ते आता डोक्यातून जाणार नाही. तिचं चोख काम तुम्हाला हवंय ना, त्याच्यावरच पहिला घाव बसेल.

आता तुमचा राग. त्याची लाज वाटून घेऊ नका, तो खोटा नाहीये. तुम्ही जे केलंत, ढगळ कुर्ते, ओढणी, रंग फिके, त्याला तुमच्या परिस्थितीत अक्कल लागत होती. माणसं खरोखरच तशी जोखतात. २००५ मधे अमेरिकेतच एक अभ्यास झाला होता, लोकांना एका बाईचा व्हिडिओ दाखवला, एकदा साध्या ऑफिसच्या कपड्यात, एकदा जरा मादक वाटेल अशा कपड्यात, आणि काहींना सांगितलं ही मॅनेजर आहे, काहींना सांगितलं ही रिसेप्शनिस्ट आहे. मादक कपड्यातली मॅनेजर लोकांना कमी कर्तबगार वाटली, तेच कपडे रिसेप्शनिस्टच्या अंगावर असताना मात्र तिच्या कर्तबगारीला कोणी नावं ठेवली नाहीत. म्हणजे सजून समोर बसायचं काम असेल तर चालतं, निर्णय घ्यायच्या खुर्चीत बसायचं असेल तर तीच बाई खुपायला लागते. तुम्हाला ती खुर्ची हवी होती, सोलापूरहून एकटीने येऊन तुम्ही ती मिळवलीत, आणि त्यासाठी आपलं छान दिसणं बाजूला काढून ठेवलंत. वीस वर्षं हा छोटा त्याग नाहीये. "मला पण छान दिसायला आवडायचंच की" ह्या ओळीत 'आवडायचं' लिहिलंत तुम्ही, 'आवडतं' नाही, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं.

पण ताई, त्या त्यागाचं बिल तुम्हाला फाडलं कोणी? त्या मुलीने नाही, ती तर तेव्हा चार वर्षांची होती. आणि तुम्ही विचारता हिला काहीच करावं लागत नाही का, तर लागतंय ना. ती डेस्कवर बसून कोड लिहीत असते आणि चार खुर्च्या पलीकडे तिच्याबद्दल मेसेज टाईप होत असतात, आणि बहुतेक तिला ते माहितीही नाही. तुम्ही आधीच मोजलीत ती किंमत तिच्याकडून तिच्या नकळत वसूल होतेय. तुम्ही दोघी एकाच गोष्टीने पोळलेल्या आहात आणि साहेबांनी तुम्हाला एकमेकींसमोर उभं केलंय.

छान दिसण्याबद्दल अजून थोडं बोलते, कारण आपल्याकडे हा विषय एकतर चेष्टेत जातो नाहीतर संस्कारात. आकर्षक दिसावंसं वाटणं ह्यात काहीही चुकीचं नाही. पुरुषांनाही वाटतं, ते दाढी कोरून घेतात, जिमला जाऊन दंडाला घट्ट बसणारे शर्ट घेतात, लिफ्टमधे परफ्यूमचा वास मागे राहतो, आणि त्यांना कोणी विचारत नाही की बाबा हे नक्की कोणासाठी. बाईने छान दिसलं की ते कोणासाठी तरीच आहे असं धरून चालतात. ती तुळशीबागेतून शंभर रुपयांचे झुमके आणते ते स्वतःला आरशात बघून बरं वाटावं म्हणून असू शकतं, मैत्रिणीला दाखवायला असू शकतं, आणि हो, एखाद्याने आपल्याकडे बघावं म्हणूनही असू शकतं. तेही चालतं! पण बघावंसं वाटणारा तो एखादा असतो, अख्खा फ्लोअर नसतो, आणि बघण्यापलीकडे काय हवंय नकोय ते तीच ठरवणार. 'मग घालतेस कशाला' हा प्रश्न ह्याच जागी येऊन फसतो.

ऑफिसात आकर्षण वाटणारच. माणसं दिवसाचे नऊ-दहा तास एकत्र बसतात, माझ्या ओळखीत चार लग्नं ऑफिसच्या कँटीनमधे जमलेली आहेत आणि चारही संसार छान चाललेत. नजर जाते, ती कोणाच्याच हातात नसते. नजर गेल्यावर मोबाईल उचलून ग्रुपवर काय लिहायचं हे मात्र शंभर टक्के हातात असतं. आणि अजून एक. मुलगी नीट बोलली, हसली, ह्याचा अर्थ मुलगे वेगळा काढतात हे बायका आपसात कायम बोलतात, पण ते तपासूनही झालंय, १९८२ मधे. एक मुलगा आणि एक मुलगी अनोळखी, पाच मिनिटं गप्पा मारतायत, दुसरा एक मुलगा आणि एक मुलगी लपून बघतायत. त्याच गप्पांमधल्या मुलीच्या वागण्यात मुलग्यांना मुलींपेक्षा जास्त लैंगिक सूचकता दिसली. म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्यात जे असतं ते तो समोरच्यावर घालतो. मग तुम्ही कपडे किती आणि कुठवर बदलणार?

आपल्याच शहरात बघा की. कर्वेनगरहून खराडीला स्कूटीवर जाणारी मुलगी बघा, डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, वर गॉगल, अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे, फक्त नाकाचं टोक काय ते दिसतंय. आणि येरवड्याच्या सिग्नलला शेजारचा बाईकवाला तिच्याकडे वळून वळून बघतच असतो. तुम्ही स्वतः त्या ढगळ कुर्त्यात वीस वर्षं काढलीत, तुमच्याकडे कधीच कोणी वाकडं बघितलं नाही? मला नाही वाटत तुम्ही 'नाही' म्हणाल.

आणि मर्यादा म्हणाल तर ती दर पिढीला सरकते. माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजला लागली तेव्हा नऊवारी सोडून गोल पाचवारी नेसायला लागली, तर वाड्यातल्या बायकांनी आठ दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पुढे तीच गोल साडी सभ्यतेची खूण झाली आणि पंजाबी ड्रेस घालणाऱ्या माझ्यासारख्या पोरी उठवळ ठरल्या. आता पंजाबी ड्रेस सोज्वळ आणि स्लीव्हलेस वाईट. तुमची टीममधली मुलगी पन्नाशीची होईल तेव्हा तिलाही कोणाचं तरी काहीतरी खटकेलच.

पण तुमचा मर्यादेचा प्रश्न मी उडवून लावत नाहीये. ऑफिसात कपड्यांचा नियम असू शकतो, फक्त तो कशासाठी आहे हे मोठ्याने सांगता आलं पाहिजे. चाकणला मशीनवर काम करणाऱ्या बाईला ओढणी नको म्हणतात, केस बांधा म्हणतात, कारण पट्ट्यात अडकलं तर जीव जाईल, ह्यावर कोणी वाद घालणार नाही. क्लायंट येणार असतील तर सगळ्यांनी फॉर्मल घाला, हेही ठीक. डिसेंबर २०२० मधे राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जीआर काढला होता की ऑफिसात जीन्स, टी-शर्ट, स्लिपर नकोत, तो मला स्वतःला फार पटला नव्हता, पण बाई आणि पुरुष दोघांना होता आणि लेखी होता. तुमच्या कंपनीत असा काही कागद आहे का? असेल तर तो काढून वाचा, क्रॉप टॉप त्यात बसत नसेल तर शॉर्ट्स आणि फ्लोटर्सही बसत नसणार, मग एचआरने सगळ्यांना एकच मेल पाठवावा आणि विषय संपवावा. आणि कागदच नसेल तर ह्या मुलीने मोडलेला नियम नक्की कोणता? 'पोरांचं लक्ष जातं' हे कारण कोणत्याही नियमात लिहून बघा, लिहिणाऱ्यालाच कसंतरी होईल. हे कारण लेखी देता येत नाही म्हणूनच ते तुमच्या तोंडून सांगायचं ठरलं.

दोन उदाहरणं देते, दोन्ही बाहेरच्या देशांतली, पण आपल्याकडे चपखल बसतात. ऑस्ट्रेलियात कार्ल स्टेफानोविक नावाचा टीव्हीवरचा सकाळच्या कार्यक्रमाचा अँकर, त्याने एकच निळा सूट वर्षभर घातला आणि २०१४ मधे स्वतःच सांगितलं की कोणाच्या लक्षातही आलं नाही, शेजारी बसणाऱ्या बाईच्या कपड्यांवर मात्र रोज लोकांची मतं यायची. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या अॅन हॉपकिन्सची. हिशेब आणि सल्ला देणाऱ्या एका बड्या फर्ममधे कामात ती पुढे होती, भागीदारी मिळाली नाही, आणि तिला सल्ला काय दिला, तर जरा बायकी चाल, बायकी बोल, मेकअप कर, दागिने घाल. १९८९ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की असल्या साचेबंद अपेक्षांवरून बढती अडवणं हा लिंगभेद आहे. तिला कमी बाई आहेस म्हणून ऐकवलं, तुमच्या टीममधल्या मुलीला जास्त बाई आहेस म्हणून ऐकवायचंय, आणि तुम्ही ढगळ कुर्त्यात राहून मधला रस्ता शोधलात तर तुमच्या मनात वीस वर्षांचं हे साठलंय. बाईला बरोबर दिसायला ह्यात जागाच ठेवलेली नाही.

आता करायचं काय.

साहेबांकडे जा, शक्यतो भेटून, आणि नंतर त्याच बोलण्याचा दोन ओळींचा मेल टाका. आवाज चढवायची गरज नाही. म्हणा, "सर, तुम्ही तिच्याशी बोलायला सांगितलं होतं, मी विचार केला. तिच्या कामात प्रॉब्लेम नाही, ड्रेस कोड असेल तर तो एचआरने सगळ्यांना पाठवावा. पण टीममधले काही जण तिच्याबद्दल ग्रुपवर लिहितात असं माझ्या कानावर आलंय आणि ते आपण आधी बघायला हवं, कारण ते आपल्या अंगावर येऊ शकतं." शेवटचं वाक्य मुद्दाम सांगतेय, काही साहेबांना न्याय कळत नाही पण अंगावर येणं लगेच कळतं. ते खोटंही नाहीये. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा, ज्याला आपण पॉश म्हणतो, त्यात लैंगिक शेरेबाजी सरळ शब्दांत लिहिलेली आहे, शिवाय बाईला काम करणं नकोसं होईल असं वातावरण तयार होणं हेही त्यात येतं, आणि सुरक्षित वातावरण देणं ही कंपनीची जबाबदारी म्हटलीय. कपडे हा शब्द त्या व्याख्येत कुठेही नाही.

साहेब म्हणाले की अगं पण तीच तसं घालते, तर त्यांना केरळची केस सांगा. २०२२ मधे कोझिकोडच्या सत्र न्यायालयाने एका आरोपीला अटकपूर्व जामीन देताना फिर्यादी बाईच्या कपड्यांवर शेरा मारला होता, देशभर गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी केरळ हायकोर्टाने तो शेरा पुसून टाकला, बाईचे कपडे हे तिच्या विनयभंगाचं लायसन्स होऊ शकत नाहीत असं म्हटलं. आणि हा पॉश कायदा ज्या बाईमुळे आला ती कोण होती ते आठवा. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरी देवी, डोक्यावरून ओढणी घेणारी खेड्यातली बाई, सरकारी कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावातली कार्यकर्ती, म्हणून बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मधे तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला, कामाच्या ठिकाणी छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी असं सांगणारा. त्या निकालाची अंमलबजावणी कोणी करत नव्हतं तेव्हा सुप्रीम कोर्टात धरून बसल्या त्या आपल्या पुण्यातल्या, 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले, त्यांच्याच नावाचा निकाल आहे ऑक्टोबर २०१२ चा. हे मी अभिमानाने सांगते, खराडीतल्या प्रत्येक काचेच्या बिल्डिंगमधे समितीची जी पाटी लागलेली असते तिच्यामागे ह्या शहरातल्या बायकांची पायपीट आहे.

एक खबरदारीही सांगते, म्हणजे तुम्ही दुसऱ्या टोकाला जाणार नाही. प्रत्येक शेरा हा छळ ठरत नाही. मार्च २०२५ मधे मुंबई हायकोर्टापुढे पुण्यातलीच एका बँकेची केस होती, ट्रेनिंगमधे एका अधिकाऱ्याने सहकारी बाईच्या लांब केसांवर काहीतरी म्हटलं आणि गाण्याची ओळ म्हटली, कोर्टाने सांगितलं तेवढ्यावरून लैंगिक छळ होत नाही. केसांबद्दल बोलावं असं माझं म्हणणं नाही, पण कोण, कुठे, कितीदा, कशा संदर्भात हे बघावं लागतं, आणि ते बघायचं काम समितीचं आहे, तुमचं माझं किंवा साहेबांचं नाही. त्या ग्रुपवर काय लिहिलंय ते तुम्ही अजून बघितलेलं नाही. ज्याने तुमच्या कानावर घातलं त्याला विचारा, स्क्रीनशॉट आहे का, असेल तर जपून ठेव म्हणावं, आणि कृपा करून तो चार जणांना फॉरवर्ड करू नका, तिच्या बदनामीत भर नको.

त्या मुलांशी तुम्ही लीड म्हणून आजही बोलू शकता. कोणाचं नाव न घेता पण गोलमोलही न बोलता, टीममधल्या कोणाच्याही शरीराबद्दल, कपड्यांबद्दल कुठल्याही ग्रुपवर लिहिलेलं मला चालणार नाही, ऑफिसचा ग्रुप असो की तुमचा खाजगी. तिथे हशा पिकला तर पिकू दे, तुम्ही हसू नका.

मग ती. तिला सांगायचं आहेच, पण कपड्यांचं नाही, ग्रुपचं. कारण तिच्याबद्दल जे चाललंय ते तिच्याशिवाय सगळ्यांना माहिती आहे ही स्थिती मला सगळ्यात जास्त बोचते. तक्रार तिचीच असते, तुम्ही परस्पर नाही करू शकत, काही कारणाने तिला स्वतःला करता येत नसेल आणि तिने लेखी संमती दिली तर तिच्या वतीने तुम्ही देऊ शकता. काचेच्या केबिनमधे नको, सगळ्या फ्लोअरला दिसतं. खाली चहाला घेऊन जा. म्हणा, "मला एक गोष्ट कळलीय, तुझा त्यात काहीही दोष नाही, पण तुला माहिती असायला हवी असं मला वाटतं. समितीत कोण कोण आहे ते मी तुला सांगते, तक्रार करायची की नाही हे तू ठरव, काहीही ठरवलंस तरी मी सोबत आहे." एवढंच. ती रडेल, चिडेल, कदाचित तुमच्यावरही चिडेल, किंवा म्हणेल जाऊ द्या मॅडम. म्हणाली तर जाऊ द्या, पण दार उघडं ठेवा. त्या बोलण्यात चुकूनही 'तरी मी म्हणत होते' किंवा 'थोडं सांभाळून' येऊ देऊ नका, नाहीतर मी जिन्यात जे केलं तेच चहाच्या टपरीवर होईल.

ती आपणहून कधी विचारेल की मॅडम, मॅनेजर व्हायचं तर कपड्यांनी फरक पडतो का, तर खरं सांगा. पडतो म्हणा, माझ्यावर असं असं झालं, मी असं केलं, तू काय करायचं ते बघ. तुमचा अनुभव तिच्या कामी येईल, पण तिने मागितल्यावर.

तुमच्यासाठीही एक विचारते. गेल्या वीस वर्षांत तुम्ही दुकानात हातात घेऊन परत ठेवलेलं एखादं कापड, एखादा रंग असेलच ना. तुम्ही आता लीड आहात, तुमचं काम लोकांनी बघितलंय. तो रंग आता अंगावर घालता येतोय का बघा, नाही घालावासा वाटला तरी हरकत नाही, कुर्ता तुम्हाला मनापासून आवडायला लागला असेल तर तोच तुमचा.

घाईची गोष्ट मात्र एक आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते, मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, समितीला योग्य कारण पटलं तर अजून तीन महिने वाढवता येतात पण त्यावर विसंबून राहू नका. तुमच्या कानावर हे कधी आलं ते पत्रात नाहीये. ती मुलगी येऊनच सात महिने झालेत, मेसेज कधीचे आहेत कोणास ठाऊक, त्यामुळे साहेबांशी बोलायच्याही आधी, ज्याने तुम्हाला हे सांगितलं त्याला फोन करून शेवटच्या मेसेजची तारीख विचारून घ्या.